चंद्राबाय आधी किल्ली घेते

रोह्यातल्या त्या दहा खाटांच्या दवाखान्यात पहिलं माणूस भेटतं ते डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. पायरीवर चंद्रावती उभी असते. साठीला टेकलेली, लुगड्यावर निळा कोट, पायांत रबरी चपला, टाचांना अशा भेगा की बोट आत जावं. सगळे तिला चंद्राबाय म्हणतात. लादी पुसणं, बेडपॅन उचलणं, स्ट्रेचरचं एक टोक धरणं यासाठी तिला पगार मिळतो. किल्ली घेण्यासाठी मिळत नाही. ते काम तिनं स्वतःच स्वतःला दिलंय.

होतं असं. धाटावच्या बाजूनं किंवा नागोठण्याच्या बाजूनं एक गाडी येते, गाडीवर तिघं. मधल्याची मान मागच्याच्या खांद्यावर पडलेली, पाय रस्त्याला घासत आलेले, एक चप्पल वाटेतच गेलेली. पायरीशी गाडी थांबते, पण बंद होत नाही. दोघं मधल्याला उतरवतात, दुकानापुढे तांदळाचं पोतं ठेवावं तसा पायरीवर ठेवतात आणि गाडी वळवतात. हे मित्र. जिगरी म्हणे. त्याच्या वाढदिवसाला चौकात बॅनर लावणारे, बॅनरवर त्याला वाघ म्हणणारे. वाघ पायरीवर फेस गाळतोय आणि हे नागोठण्याच्या रस्त्याला लागलेत. ज्याच्यासोबत एका पुडीतनं ओढलं, त्यानं काय ओढलं एवढं सांगायला थांबत नाहीत. माझं डोकं फिरतं ते तिथं.

म्हणून चंद्राबाय आधी किल्ली घेते. पेशंटकडे बघायच्याही आधी. हात घालते, गाडी बंद करते, किल्ली काढून कनवटीला लावते. मग स्ट्रेचरसाठी आत हाक मारते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी तिला म्हणालो, बाय, आधी पोराला बघ की. तर म्हणाली, तो कुठं पळतोय? पळतात ते हे.

मग ती त्या दोघांना बाकावर बसवते, पण शेजारी शेजारी नाही. एकाला दाराशी, एकाला पाण्याच्या पिंपाशी. एकत्र बसले की गोष्ट जुळवतात, हे तिला पक्कं माहीत. आणि विचारते एकच. "काय घेतलं त्यानं, किती घेतलं, कधी घेतलं. मी पोलीस नाय, तुझी आई पण नाय." कागद होतोच, पोलिसांनाही कळवावं लागतं. ते काम डॉक्टरीणबाईंचं, आणि त्या ते सलाईन लावल्यावर करतात, आधी नाही. पोरं आधी सांगतात, उपाशी होता. मग सांगतात, ऊन लागलं. मग सांगतात, कंपनीत गॅस लागला. चंद्राबाय ऐकून घेते आणि कनवटीवर हात ठेवून उभी राहते. किल्ली नाही म्हणजे गाडी नाही. गाडी नाही म्हणजे रात्री घरी बापाला काय सांगणार? तासभरात खरं बाहेर येतं. कधी दहा मिनिटांत.

दहा मिनिटांत जगतो, तासाभरात जगेलच असं नाही. हे तिला पुस्तकानं शिकवलेलं नाही.

चंद्राबाय खारेपाटातली. गडबच्या खाली, खाडीकडे तिचं गाव. लग्नाच्या आधीपासून मिठागरात होती. भर उन्हात पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं, डोक्यावरून टोपल्या न्यायच्या. त्या भेगा तिथल्या. पुढे खाडीचा बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, मिठागरही बसलं. नवरा काळुराम आधीच गेलेला. उरला मुलगा प्रविण, तेवीस वर्षांचा, पेणला एका गोडाऊनमध्ये कामाला, दिसायला राजबिंडा. लेक प्रणिता निडीला दिलेली.

एका सकाळी प्रविण उठेना. श्वास चालू होता, पण लांब लांब, मोजून घ्यावा असा. उशाखाली गोळ्यांचं रिकामं पान आणि खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या. चंद्राबायनं बाटल्या मागच्या खाजणात फेकल्या आणि पान कनवटीला खोचलं. का, तर शेजारी मदतीला येत होते, त्यांना दिसू नये. पेणला दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरनं तीन वेळा विचारलं, आई, ह्यानं काही घेतलंय का. तिन्ही वेळा ती म्हणाली, नाय वो, माझा पोरगा सुपारीपण खात नाय. पान कनवटीला होतं. हलली की टोचत होतं.

दुपारी प्रविण गेला.

त्यावर उतारा होता. त्याच दवाखान्याच्या कपाटात होता. हे तिला तेराव्यानंतर कळलं, तिथल्या एका नर्सकडून, बोलता बोलता. मला हे तिनं एकदाच सांगितलं, कापसाचे बोळे करताना, वर न बघता. रडली नाही. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो तर म्हणाली, तू गप रे, तुझं काय गेलंय? मग ती निडीला लेकीकडे आली आणि रोह्याला दवाखान्यात लादी पुसायला लागली. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं, दवाखान्याच्या ज्या वासात पोरगा गेला त्याच वासात जाऊन बसली. फिरलंच होतं. बरं झालं फिरलं.

आता माझ्याकडे येतो, कारण माझ्याशिवाय ही गोष्ट खोटी होईल. मी नशेच्या विरोधात काम करतो. संस्था नाही, लेटरहेड नाही, एक मोटरसायकल आणि तोंड. अडीच वर्षांपूर्वी निडीच्या पलीकडच्या एका गावात मी ग्रामसभा लावली. गावाचं नाव लिहीत नाही. नावं वाचून दाखवायचा धंदा मी सोडलाय, तो का ते पुढे येतंच आहे. त्या गावात पोरांच्या हातात पुड्या खेळायला लागल्या होत्या. मी दोन तास बोललो. बायका रडल्या, म्हातारे उठून उभे राहिले, आणि ठराव झाला. गावाच्या तोंडाशी फळा लागला, पिवळा पत्रा, लाल अक्षरं, दोन लोखंडी खांब सिमेंटात गाडलेले. "नशामुक्त गाव." खाली बारीक अक्षरात ठराव. जो नशेत सापडेल त्याचं नाव देवळाच्या भोंग्यावरून वाचलं जाईल आणि चैत्रात ग्रामदेवतेची पालखी त्याच्या दारात थांबणार नाही.

ती ओळ माझी. दंड भरून लोक विसरतात, पालखी विसरत नाहीत, असं मी म्हणालो होतो. वर्षातनं एकदा देवी दारात येते, सासुरवाशिणी त्यासाठी मुंबईहून येतात, अंगण सारवून रांगोळी घालून घर वाट बघत उभं असतं. आणि पालखी तुमच्या दारावरून पुढे गेली तर? अख्ख्या गावासमोर? पोटाला नाही, नाकाला लावायचं. एका शिकलेल्या माणसानं मला तेव्हाच सांगितलं होतं की हा वाळीत टाकण्याचाच प्रकार आहे आणि कायद्यात बसत नाही. मी त्याला म्हणालो, तू बस एसीत. पेपरात फोटो आला. शेजारच्या गावांनी ठरावाची नक्कल मागून नेली. मी चहा पिऊन पिऊन नकला दिल्या.

दोन वर्षांत भोंग्यावरून एकही नाव वाचलं गेलं नाही. मी ते भाषणात सांगायचो. एकही नाव नाही, बघा.

फेब्रुवारीतला रविवार होता. त्या गावात भात कापलेल्या शेतांवर टेनिस बॉलची टुर्नामेंट चालू होती. मी नागोठण्याला होतो. साडेअकराच्या सुमारास फोन आला की गोविंदाचा हितेश वालावर फवारणी करताना पडला, औषध अंगात गेलं, पोरं रोह्याला घेऊन गेली. गोविंदा म्हणजे भात काढल्यावर त्याच रानात वाल टाकणारा साधा शेतकरी. ठरावाला सगळ्यात आधी हात वर करणारा माणूस. हितेश एकवीस वर्षांचा, धाटावला एका कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर, गावाचा ओपनिंग बॅट्समन.

गाडीवर रोह्याला जाईपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं. औषधाचा दुकानदार, बनावट माल, पंपाला मास्क नाही, शेतकऱ्याच्या पोराला वाली नाही. फवारणीच्या विषाची दोन माणसं मी पूर्वी दवाखान्यात नेली होती. काय करतात मला ठाऊक होतं. ॲट्रोपिनचं इंजेक्शन, लगेच, आणि पुन्हा पुन्हा. मी आत शिरलो तेच आवाज चढवून.

आत हितेशला चौघांनी धरला होता. तो झोपलेला नव्हता आणि जागाही नव्हता. अंगातनं घामाच्या धारा, जबडा असा घट्ट की दात करकर वाजत होते, हातपाय झटकत होता, मध्येच भिंतीकडे बघून कुणाला तरी शिव्या देत होता. ताप एकशे पाच. गावात त्याला आधी मिठाचं पाणी पाजायचा प्रयत्न झाला होता, ओकारी निघावी म्हणून. दात बसलेले होते म्हणून घशात गेलं नाही. नाहीतर तिथंच गुदमरला असता.

डॉक्टर नमिता तिशीच्या आहेत, बोलतात कमी. सोबत आलेल्या निकेशनं त्यांना फवारणीच सांगितलं होतं. मागून गोविंदा आला, त्यानंही तेच सांगितलं. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलेलं होतं. पण त्या देत नव्हत्या. टॉर्च मारून पोराचे डोळे बघत होत्या, पुन्हा बघत होत्या. म्हणाल्या, औषधाची बाटली आणा, मला बाटली बघायची आहे.

मी भडकलो. बाटली गेली खड्ड्यात, पोरगा चाललाय. मी म्हणालो, तुम्हाला कळत नसेल तर सांगा, मी दोन केसेस बघितल्यात. शेतकऱ्याचा पोर आहे म्हणून वेळ काढता काय? आणि मी फोन काढला, लाइव्ह करायला. हे मी केलं. ते इंजेक्शन टोचावं म्हणून मी त्या बाईवर कॅमेरा धरला.

कॅमेऱ्यावर एक खरखरीत हात आला. चंद्राबाय.

"तुझी पण किल्ली दे."

मी म्हणालो, मी काय पेशंट टाकून पळणाऱ्यांतला वाटलो काय तुला?

"आता नाय पळणार. कळल्यावर पळशील."

माझ्या हातातल्या जुडग्यातनं तिनं गाडीची किल्ली काढून घेतली आणि स्ट्रेचरजवळ गेली. हितेशचा झटकणारा हात धरला आणि हुंगला. तळवा, मग बोटं, मग मनगट. मग त्याच्या पायांकडे बघितलं. पांढरे बूट होते, तळाला खिळ्यांचे. टी-शर्टवर पाठीला सात नंबर आणि त्याचं नाव. गुडघ्याला ताजी सोलवट.

ती डॉक्टरांना म्हणाली, "म्याडम, मी वालात राबलीय. औषधाचा वास तीन आंघोळींत जात नाय. ह्याच्या हाताला बॉलचा वास हाय. आनि पांढरे बूट घालून फवारनीला कोन जातो?"

डॉक्टर म्हणाल्या, डोळेही तेच सांगतायत. फवारणीच्या विषानं डोळ्यातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होतो. ह्याचा वाटाण्याएवढा झालाय. ह्यानं दुसरं काहीतरी घेतलंय, आणि ते जर मला वाटतंय तेच असेल तर हे इंजेक्शन दिल्यावर ताप आणखी चढेल, घाम बंद होईल, हृदय आधीच दीडशेच्या वर पळतंय. पण हा आधी शेतात होता असं त्याचा बापच सांगतोय. दोन्ही असलं तर? मला कुणीतरी खरं सांगा.

शेतकऱ्याचा पोर, शेतातलं विष. ह्या खोट्याला कुणी हसत नाही, उलट चार माणसं मदतीला धावतात. म्हणून तर त्यांनी ते निवडलं. उपाशी होता म्हटलं असतं तर निदान कुणी चुकीचं इंजेक्शन भरलं नसतं.

चंद्राबायनं निकेशला आणि गोविंदाला बाहेरच्या बोळात घेतलं. मला दंडाला धरून नेलं. निकेशला तिनं विचारलं, औषध कुठलं. तो म्हणाला, आठवत नाही. पंप कुणाचा. आमचाच. कुठाय पंप. शेतात. "फोन लाव. कुनीतरी पंपाचा फोटो पाठवील." निकेशनं मान खाली घातली. त्याच्या टी-शर्टवर अकरा नंबर होता. त्यानं गोविंदाकडे बघितलं, आणि गोविंदानं डोळ्यांनी नाही म्हटलं. मी ते बघितलं. बापानं, आत पोरगा तडफडत असताना, नाही म्हटलं.

मला इतका संताप आला की मी गोविंदाची कॉलर धरली. म्हटलं, कसला बाप आहेस तू, पोराचा जीव मोठा की तुझं नाक मोठं?

चंद्राबाय मध्ये आली. माझा हात तिनं कॉलरवरून एक एक बोट करून सोडवला.

"त्याला कशाला धरतंस? त्याच्या तोंडाला कुलूप कोनी लावलंय? फळा कोनी लावलाय गावाच्या तोंडाशी?"

मी म्हणालो, फळा नशेच्या विरुद्ध आहे.

"नशेला वाचता येत नाय. फळा बापांनी वाचला."

मग तिनं आवाज खाली आणला. म्हणाली, माझ्या गावात फळा नव्हता, तरी मी पान कनवटीला खोचून बसले. इथं तर तू लाल अक्षरांत लिहून दिलंस काय लपवायचं ते. दोन वर्षांत एक नाव वाचलं गेलं नाही म्हणून मिरवतोस. नावं हाईत की. माझ्याकडं हाईत. तुझ्या त्या गावची चार पोरं ह्या पायरीवर येऊन गेली. चारही वेळा गाव दुसरंच कुठलं तरी सांगितलं, पण मी बाजूलाच निडीला ऱ्हाते, तोंडं वळखते.

चार. मला एकाचीही खबर नव्हती.

गोविंदा भिंतीला टेकून खाली बसला. बोलला ते माझ्याकडे बघून नाही, माझ्या चपलांकडे बघून. "अपेक्षाला बघायला येनार हाईत पाडव्यानंतर. पालखी दारात थांबली नाय तर मी पाव्हन्यांना काय सांगू?" अपेक्षा म्हणजे हितेशची बहीण. आणि मग हळूच, "मना ठाव होतं. पोरांनी वाटेतनंच फोन करून सांगितलं मना. मीच बोललो, फवारनी सांगा."

पण घेतलं काय, ते निकेशनं अजून सांगितलं नव्हतं. आतून काहीतरी स्टीलचं पडल्याचा आवाज आला.

चंद्राबाय मला म्हणाली, "ह्या दोघांसमोर बोल. नाव वाचनार नाय. पालखी थांबंल. बोल."

आणि मी लगेच बोललो नाही.

हे मला कुणी विचारलेलं नाही, तरी लिहितो. मी विचार करत होतो. की ठराव ग्रामसभेचा आहे, मी एकटा कसा मोडू. की एकाला सोडलं की सगळे सुटतील. की पेपरातला तो फोटो. आत एकवीस वर्षांच्या पोराचं रक्त उकळत होतं आणि मी बाहेर उभा राहून माझ्या फळ्याची काळजी करत होतो. किती वेळ? बोळात पंखा होता, त्याला एक पातं वाकडं, दर फेरीला टक व्हायचं. पंधरा-वीस टक मी ऐकले. गोविंदाला मी जे विचारलं होतं, पोराचा जीव मोठा की नाक, त्याचं माझं उत्तर तेवढे टक होतं.

मग मी बोललो. नाव वाचणार नाही. पालखी थांबेल. नाही थांबली तर मी खांदा देणार नाही आणि कुणाला देऊ देणार नाही. फळा उतरेल.

निकेश रडायला लागला आणि रडता रडता भडाभडा बोलला. पावडर. पांढरी. सकाळी नऊला एकदा, दुसऱ्या मॅचच्या आधी पुन्हा. हितेशनं जास्त घेतली, फायनलला दम राहावा म्हणून. सोबत एनर्जी ड्रिंकचे दोन कॅन. दारू नाही. फवारणी नाही, आठ दिवसांत शेतात पाय ठेवलेला नाही. उरलेली पुडी स्कूटीच्या डिक्कीत आहे.

डिक्की गाडीच्या किल्लीनंच उघडते. चंद्राबायनं कनवटीतनं स्कूटीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. तो पळतच गेला. मला वाटलं, गेला हा. चंद्राबायला वाटलं नाही. ती दाराकडे बघतही नव्हती, पोतेरं उचलून आत निघाली होती. तो पुडी घेऊन आला आणि किल्ली न मागता तिच्याकडे परत दिली.

पुढचं डॉक्टरांनी केलं. ते भरलेलं इंजेक्शन बाजूला सारलं, दुसरं दिलं, अंग शांत करणारं. झटके उतरायला लागले. सलाईन सुरू झालं. कपडे काढून ओल्या चादरी, दोन पंखे. बर्फ नव्हता. चंद्राबायनं निकेशबरोबर आलेल्या दुसऱ्या पोराला, आदेशला, मासळी बाजारात पिटाळलं. तिथल्या बायकांकडून तो गोणभर बर्फ घेऊन आला, पापलेटांच्या वासाचा. तो काखेत, मानेशी, जांघेत लावला. गोविंदा पोराच्या पायाशी उभा राहून चादर पाण्यात बुडवून पिळून देत होता, एकामागून एक, आणि एकदाही थांबला नाही. दीड तासानं ताप एकशे दोनवर आला. मग ॲम्ब्युलन्स बोलावून मोठ्या दवाखान्यात पाठवला. सोबतच्या कागदावर डॉक्टरांनी काय घेतलं, किती वाजता, काय दिलं हे सगळं लिहिलं. चंद्राबायला अक्षर वाचता येत नाही. तिनं तो कागद मला मोठ्यानं वाचायला लावला, आणि पावडर हा शब्द आल्याशिवाय गाडी सोडली नाही.

हितेश जगला. मूत्रपिंडं थकली होती, दोनदा रक्त धुवावं लागलं, अकराव्या दिवशी घरी आला. आता क्रिकेट बंद आहे. पूर्ण सुटलीय का पावडर? मला माहीत नाही. एकदा पुन्हा घेतली असं निकेश म्हणतो, आणि तो स्वतः येऊन सांगतो हे मला पुष्कळ वाटतं. पुडी विकणारा अजून मोकळा आहे. त्याच्यासाठी कुठल्या गावानं फळा लावलेला नाही. त्याचं नाव वाचायला भोंगा नाही. पालखी त्याच्या दारात थांबत असेल, दोन नारळ जास्तच मिळत असतील. माझा सगळा जोर मी बापांवर आणि आयांवर काढला, कारण ते समोर बसतात, ऐकून घेतात आणि रडतात. धंदेवाला समोर बसत नाही. सोपं होतं ते मी केलं आणि त्याला लढा म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी चंद्राबायकडे किल्ली मागितली. ती बादली धूत होती.

म्हणाली, "फळा काढलास की ने."

मी मिनीडोर रिक्षानं गेलो. खांब सिमेंटात होते, पत्रा कापून काढावा लागला. ग्रामसभेत मला लोकांनी फाडून खाल्लं. ज्या तोंडानं तू ठराव मांडलास त्याच तोंडानं मोडतोस? म्हाताऱ्यांनी मला दलबदलू म्हटलं. एकानं विचारलं, किती खाल्लेस. मी सगळं ऐकलं. पूर्वीचा मी असतो तर तिथं हाणामारी झाली असती. गोविंदा उठला आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं, माझ्या पोरानं घेतली होती, आणि मी खोटं बोललो होतो, आणि त्या खोट्यानं तो मेला असता. मग मागून एक बाई उठली, आमच्यात पण एक हाय म्हणाली, आणि बसली. चैत्रात पालखी गोविंदाच्या दारात थांबली. काहींनी खांदा दिला नाही. जागा रिकामी राहिली म्हणून निकेश पुढे झाला, आणि दांडीखाली त्याच्या शेजारी मी.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. म्हटलं, बाय, फळा काढला, पालखी थांबली, दे आता किल्ली.

तिनं विचारलं, तुझ्या ठरावाच्या नकला किती गावांनी नेल्या होत्या?

तीन, मी म्हणालो.

ती पुन्हा लादी पुसायला लागली.

त्याला आता चार महिने झाले. एक फळा उतरलाय. दुसऱ्या गावातनं मला हाकलून दिलं, पुन्हा जाणार आहे. तिसऱ्या गावात सरपंच भेटतच नाही. मी मिनीडोरनं फिरतो, कधी निडीहून चालत. माझी मोटरसायकल दवाखान्याच्या कुंपणाला उभी आहे, तिच्यावर धूळ बसलीय, सीटवर मांजर झोपतं. तिची दुसरी किल्ली माझ्या घरात खिळ्याला लटकतेय. रोज दिसते. घ्यायची हिंमत होत नाही.